पान मी फाडलं नव्हतं

पान मी फाडलं नव्हतं! हे मी त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि लग्न होऊन मालेगावला गेल्यावर कोणी विचारलं नसतानाही सांगितलं. एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही. माझी सख्खी माय म्हणायची, "जाऊ दे वं यमे, लहान होतीस." म्हणजे फाडलंस, पण माफ केलं! असली माफी मला नको होती. अजूनही नको.

आता माझे केस पिकायला लागलेत. वाशीमला बोलपट येतात. सुना ते पाहून येतात आणि विचारतात, "आत्याबाई, तुमच्या वेळी काय होतं हो?" मी एक किस्सा सांगायला घेते, तर त्याच्यामागं दुसरा हजर. शेतातून येताना लुगड्याला कुसळं चिकटतात ना, तसं आहे हे. एक काढायला वाकावं, तर पदरभर दिसतात. मी चौथी शिकलेली बाई. सजवून लिहिता येत नाही. घडलं तसं लिहिते. ज्याला खोटं वाटेल त्यानं जऊळक्याला जाऊन विचारावं.

*

माझ्या माहेरी, जऊळक्याला, रेल्वे नवी नवी आली होती. स्टेशनवर जे मास्तर आले त्यांची बायको पुण्याकडची. तिचं नाव काय होतं देव जाणे, सगळा गाव तिला स्टेशनबाई म्हणायचा. तिच्या ट्रंकेत लुगडी कमी, पुस्तकं जास्त! मी तिच्याकडे ताक द्यायला जायची. एकदा ती पुस्तक वाचत बसली होती आणि मी समोर उभी राहून ते उलट्या बाजूनं वाचलं. मोठ्यानं.

बाई चकित. "तुला वाचता येतं?"

"चौथी पास हाय मी," मी म्हटलं. "उलटंबी वाचतो, सुलटंबी वाचतो."

त्यावर तिनं मला एक जाड कादंबरी दिली. शाळेच्या पुस्तकाबाहेरचं माझं पहिलं पुस्तक! एका राणीची गोष्ट होती. राणीवर चोरीचा खोटा आळ येतो आणि राजा तिला रानात हाकलून देतो, अशी सुरुवात. बाईंनी दोन अटी घातल्या. एक, पानाला डाग-सुरकुती नको. दोन, पुढचं पान आधी उघडायचं नाही. "शेवटी एक सुंदर चित्र आहे," त्या म्हणाल्या, "पण ते शेवटीच बघायचं. शपथ घे." मी घेतली. आणि पाळली! हे लक्षात ठेवा.

आता पुस्तक वाचायचं कुठं? आळीत सगळ्यात मोठी पडवी गोदाकाकूंची. गोदाकाकू म्हणजे आमच्या शेजारीण. पोरबाळ नाही, नवरा शेतावर, तोंडात कायम पानाचा विडा आणि आवाज असा की गाडीची शिट्टी लाजावी. काकूंना अक्षर येत नव्हतं. पुस्तक म्हणजे पोथी, एवढंच त्यांना माहीत. माझ्या हातात ते पाहिल्याबरोबर त्या ओरडल्या, "थांब वं! पारुशी हायेस काय? पहिले आंघोळ!"

मला आंघोळ घातली. पुस्तक पाटावर ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं. आळीतल्या बाया तुरी निवडायची सुपं घेऊन आल्या आणि हात जोडून बसल्या. मी वाचलं, "राजा शिकारीस निघाला." सगळ्यांनी नमस्कार केला. धडा संपला की आरती आणि गूळ. पुस्तक मुक्कामाला काकूंच्याच घरी, देव्हाऱ्याजवळ, रुमालात गुंडाळून.

एका दुपारी स्टेशनबाई ऐकायला आल्या. आरती सुरू झाली तशा त्या हसून हसून लाल झाल्या. "अहो काकू, ही कादंबरी आहे!"

काकू टाळ न थांबवता म्हणाल्या, "असू द्या नं बाई. कोनत्याबी देवाची असो, आपल्याले काय!"

*

राणी रानात पोचली. भुकेली, तहानलेली, पायात काटे. नेमकं तिथं वाचन थांबलं, कारण मला मायसोबत शेलूबाजारला मावशीकडे जावं लागलं.

परत आलो तर गावाच्या वेशीवर नारायणकाका उभे. नारायणकाका म्हणजे गोदाकाकूंचे यजमान. फार गरीब माणूस, बोलणंसुद्धा जपून वापरायचा. पण त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं हातच जोडले.

"यमे, माय माही, त्या राणीले कायतरी खाऊ घाल वं!"

"काहून, काय झालं?"

"तू गेल्यापासून काकूनं चूल पेटवली नाई. म्हनते, ते लेकरू रानात उपाशी, अन् मी इथं भाकर मोडू? आता तूच सांग, हाकललं राजानं, अन् भाकर बंद माही! मीनं काय केलं बाप्पा?"

मी धुळीच्या पायांनी... नाही, आधी आंघोळ, मग पडवीत बसले. चुलीकडे पाठ करून काकू अशा बसल्या होत्या की जणू घरातच गमी झाली. मी भराभर वाचलं. राणी चालते आहे, चालते आहे. काका दारात उभे राहून तोंडानं "हां, हां, पुढं" करताहेत. शेवटी एक साधू भेटला आणि त्यानं राणीला खायला दिलं.

"काय देल्लं?" काकूंनी विचारलं.

मी वाचलं, "कंदमुळे."

काकू उठल्या. चूल पेटली. काकांनी मोठा श्वास सोडला. तेवढ्यात आतून आवाज आला, "आज रताळे उकडून राह्यली मी. भाकर तिले भेटन, मंग तुमाले!"

*

आमच्या वाचनाला एक पुरुष श्रोताही होता. चांदचाचा शिंपी. त्यांचं दुकान काकूंच्या पडवीला लागून, मधे नुसता कुडाचा पडदा. बायांत येऊन बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते मशीनवर बसून ऐकायचे. गोष्ट रंगली की मशीनचा आवाज बंद पडायचा. त्यावरून आम्हाला कळायचं, चाचा ऐकताहेत. त्यांची बायको रहिमाचाची मात्र आमच्यातच असायची. नवरा तिकडून खाकरून खुणावायचा आणि ती मला सांगायची, "बेटी, जरा जोरसे. तिकडं आयकू नाई जात."

एकदा असं झालं की राजाला शत्रूनं पकडलं. तलवार उगारली. मी वाचत होते आणि मशीन बंद पडण्याऐवजी धडाधडा चालायला लागली. घोडा उधळावा तशी! राजा वाचला तेव्हा ती थांबली.

संध्याकाळी पाटील आपला नवा सदरा घ्यायला आले. तिथंच अंगात घालू लागले. डोकं गेलं. उजवा हात गेला. डावा हात कुठंच जाईना. सदऱ्याच्या आतच फिरतोय! चाचांनी डावी बाही वरपासून खालपर्यंत शिवून बंद केली होती.

"चांदभाई," पाटील सदऱ्यातून ओरडले, "हात कुठून घालू मी?"

चाचा शांतपणे सुईत दोरा ओवत म्हणाले, "पाटीलसाब, तिकडं राजाची मान चालली होती. तुमच्या हाताकडं कोन पाहीन?"

*

आता माझ्या बदनामीचा किस्सा.

कादंबरी संपत आली. स्टेशनबाईंच्या मास्तरांची बदली झाली होती, म्हणून त्या दिवशी लवकर बसलो. मी सकाळपासून वाचत होते. दुपार टळली. बाया पाणी पिऊ देत नव्हत्या, का तर शेवटचा अध्याय, मधे उठायचं नाही! काकूंनी समाप्तीची पुरणपोळी केली होती. स्टेशनबाईही पुस्तक परत न्यायला येऊन बसल्या होत्या. आणि राणी परत दरबारात आली. राजा म्हणाला, "तुला काही सांगायचे आहे?" सगळा दरबार गप्प. आमची पडवीही गप्प. कुडापलीकडची मशीन केव्हाच गप्प. मी वाचलं,

"राणीने मान वर केली आणि ती म्हणाली..."

पान उलटलं. पुढं पुठ्ठा!

शेवटचं पान फाटलेलं. पुठ्ठ्याजवळ कागदाची बारीक कड तेवढी उरलेली. स्टेशनबाईंचा चेहरा उतरला. "अगं, चित्र त्याच पानावर होतं," एवढंच त्या म्हणाल्या. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग जो गोंधळ! पुस्तक कोणाच्या हातात असतं? यमीच्या. पानं कोण उलटतं? यमी. दुसऱ्या कोणाला अक्षर येतं? कोणालाच नाही. मग दुसरं कोणी पान कशाला फाडेल? मी छातीवर हात मारून सांगितलं, "मी नाई फाडलं!" पाटलांना बोलावलं. पाटील म्हणाले, शपथेवर माझा भरवसा नाही. तेव्हा गोदाकाकूच म्हणाल्या, "तांदूळ चावाले द्या. तांदूळ खोटं बोलत नाई!"

आमच्याकडे ही जुनी रीत. सगळ्यांना मूठभर कोरडे तांदूळ चावायला द्यायचे आणि मग पळसाच्या पानावर थुंकायचे. ज्याचं मन साफ, त्याचे तांदूळ ओले. चोराच्या तोंडचं पाणी भीतीनं पळतं, त्याचे कोरडे.

काकूंच्या तोंडात विडा. त्यांचे तांदूळ लाल आणि चिखलासारखे ओले! चाचांच्या तोंडात तंबाखू. ओले. बायांनी सुपारी चघळली होती. सगळ्यांचे ओले. आणि मी? मी सकाळपासून एक राज्य, एक रान, दोन लढाया आणि एक दरबार मोठ्यानं वाचला होता, पाण्याचा घोट न घेता! माझे तांदूळ जसे गेले तसे बाहेर आले. परत सुपात घालून विकता आले असते.

"पाहा!" पाटील म्हणाले.

मी ओरडले, "पाटील, पहिले तुमी दिवसभर वाचा, मंग तांदूळ चावा!"

पाटलांना वाचता येत नव्हतं. त्यांना हे लागलं. निकाल कायम!

स्टेशनबाई दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या. पुस्तक मला देऊन गेल्या. "अपुरं पुस्तक मी काय करू? तूच ठेव," म्हणाल्या. माझ्या बापानं त्याच संध्याकाळी सांगितलं, "यापुढं घरात पुस्तक दिसलं तर याद राख." मी पुस्तक धान्याच्या कणगीमागं लपवलं. पण खरं दुःख वेगळंच होतं. आळीतली प्रत्येक बाई मला दिसली की विचारायची, "यमे, दरबारात राणी काय म्हनली वं? तुले तं माहीत हाय!" मला माहीत नव्हतं. माझी राणी तोंड उघडून तशीच उभी राहिली होती. तीही, आणि मीही.

*

त्यानंतर मी देवाच्या नादी लागले. दुसरं कोण ऐकणार?

गोदाकाकूंच्या देव्हाऱ्यात एक देव होते, त्यांचं नाव आळीत फार झालं होतं. पोपटवाले देव! काकूंचं सोवळं कडक, देव्हारा अंधाऱ्या कोनाड्यात. जवळ कोणी जायचं नाही, उंबऱ्यातूनच हात जोडायचे. उदबत्तीच्या धुरात आणि कुंकवाच्या थरात दिसायचं ते एवढंच: दोन मोठे देव बसलेले, मांडीवर एक बाळदेव, बाजूला एक हात जोडून उभे, आणि एक पोपट. कोणाच्या कुळाचे, कोणालाच ठाऊक नाही. बाया म्हणायच्या, काकूच्या माहेरचे असतील. काकूंना विचारलं तर म्हणायच्या, "आपल्या पायानं आले घरी."

पण देव जागृत! रहिमाचाचीच्या पोराचा ताप त्यांनी उतरवला. पाटलांची हरवलेली म्हैस आणून दिली. नैवेद्य काय, तर पोपट आहे म्हणून हिरवी मिरची आणि पेरू. गावातल्या मिरच्या दर गुरुवारी काकूंच्या दारात!

मीही रोज जायची. चांगली झणझणीत मिरची ठेवायची आणि म्हणायची, "देवा, पान फाडणारा मले दाखव."

एकदा काकूंनी ऐकलं. पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "बोलत जा वं त्याइच्यापाशी. त्याइले सगळं माहीत हाय."

*

पहिलं संगीत नाटक पाहिलं ते वाशीमला. कंपनी आली होती आणि कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात मांडव पडला होता. माझ्या बापानं पुस्तकं बंद केली होती, पण नाटकाला सगळी आळीच निघाली तेव्हा त्याचं काही चाललं नाही. आम्ही गाडीनं गेलो. मांडवाच्या दारात काकूंनी वहाणा काढल्या. तिकीटवाला म्हणाला, "बाई, घाला. हे देऊळ नाही." काकूंनी ऐकलं नाही. परत आलो तेव्हा वहाणा नव्हत्या.

पडदा वर गेला! गॅसबत्त्या, हार्मोनियम, चमचमते शालू. नायिकेला सासरी जाच होता. ती रडायच्या बेताला आली की गायला लागायची. रहिमाचाची कोड्यात पडली. "इत्ती दुखी हाय, मंग गाते काहून?"

काकू फटकन म्हणाल्या, "तू दळताना कायले गाते?"

चाचीचं समाधान झालं. माझंही.

दुसऱ्या अंकानंतर काकू दिसेनात. शोधायला गेले तर त्या मांडवाच्या मागच्या बाजूला! हातात खण, नारळ. छळ सोसणाऱ्या त्या पोरीची ओटी भरायला निघालेल्या. मी मागोमाग. कनात सारली तर नायिका पेटीवर बसलेली, पाय फाकवून, पदर खांद्यावर टाकलेला, विडी ओढतेय! गडी होता हो तो. तेव्हा बायकांची कामं गडीच करायचे. मला माहीत होतं, काकूंना नव्हतं. मला वाटलं, आता मांडव कोसळतो.

काकूंनी क्षणभर पाहिलं. मग पुढं होऊन त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, पदरात नारळ घातला आणि म्हणाल्या, "ओढ माय, ओढ. सासरच्या तरासानं मानूस काय काय शिकते!"

*

माझं लग्न वाशीमजवळच्या मालेगावला ठरलं, तर बदनामी माझ्याआधी जाऊन पोचली. सासूबाई तापट, पण विनोदी. मला पाहायला आल्या तेव्हा भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्यांनी मांडीखाली घेतली. म्हणाल्या, "हो बाप्पा, अजून वरीस संपाचं हाय. शेवटचा महिना गेला म्हंजे?"

घर हसलं. मी दात आवळले. पुढं लग्नात नाव घ्यायची वेळ आली. सगळ्या बाया कान टवकारून बसलेल्या. मी आवाज चढवून घेतलं,

"कोरडे पडले तांदूळ, माझी बदनामी गावभर,
माधवरावांचं नाव घेते, पान नाही फाडलं, ठेवा ध्यानभर!"

लगेच माहेरच्या रांगेतून गोदाकाकूंचा आवाज आला, "पोट्टी लग्नातबी खोटं बोलते वं!"

*

आणि आता शेवटचा. मध्ये एक तप गेलं. मी माहेरपणाला जऊळक्याला आले होते. बाप गेला होता, माय थकली होती. पाटील अजून ठणठणीत. गोदाकाकूंचे दात पडले होते, विडा खलबत्त्यात कुटून खायच्या, पण आवाज तोच. अशात वाशीमला नवी कंपनी आली आणि जाहिरात झाली. चाचांनी ती मला वाचायला लावली. वाचता वाचता मी ओरडलेच. आमच्याच राणीची गोष्ट! त्या कादंबरीचंच नाटक केलं होतं.

"चला," काकू म्हणाल्या, "हिनं खाल्लेला शेवट आता डोळ्यानं पाहू!"

बायकांसाठी दुपारचा खेळ होता. सोबत आलेले पुरुष कडेला, मधे आमची सगळी आळी. रानातला प्रवेश आला तेव्हा काकूंनी कनवटीचं रताळं बाहेर काढलं. राजावर तलवार उगारली तेव्हा चांदचाचांचे पाय खाली मशीन चालवायला लागले. गर्दीत पाटलांनी आपल्या दोन्ही बाह्या चाचपून पाहिल्या. खरं सांगते!

शेवटचा अंक. दरबार. राजा म्हणाला, "तुला काही सांगायचे आहे?" राणीनं मान वर केली. मी पुढं झुकले. इतक्या वर्षांनी! आणि राणीनं काय केलं? गायला लागली! लांबलचक पद. वर हार्मोनियमवाला असा पेटला होता की एक शब्द कळेल तर शपथ! पद संपलं, वन्समोअर झाला, पुन्हा तेच. मला रडू यायचं बाकी होतं. मग दोरीवरून एक लाकडी पोपट आला. त्यानं चोराचं नाव सांगितलं. राजानं राणीला सिंहासनावर घेतलं. मांडीवर राजपुत्र बसला. बाजूला प्रधान हात जोडून उभा राहिला. पोपट राणीच्या मनगटावर. सगळे तसेच निश्चल राहिले, चित्रासारखे.

मांडवात टाळ्या पडणार, एवढ्यात गोदाकाकू उठून उभ्या राहिल्या. डोळ्यांतून धारा, हात डोक्यावर जोडलेले.

"अवं उठा, पाया पडा! हे तं माह्या देव्हाऱ्यातले देव!"

आमची सगळी रांग वळली. आधी काकूंकडे. मग माझ्याकडे. पाटलांनी डोक्याचा फेटा काढून मांडीवर घेतला. माय माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या तोंडून एवढंच निघालं,

"पाटील, तांदूळ आनले काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळी काकूंच्या पडवीत. काकूंना काही सांगायची हिंमत कोणालाच होईना. मी आंघोळ करून ओलेत्यानं आत गेले. "काकू, देव जरा हाती घेऊ काय?" नाटकानं त्या इतक्या विरघळल्या होत्या की हो म्हणाल्या. मी कोनाड्यातून देव काढले, कुंकवाचा थर पुसला आणि उलटे केले. पाठीमागं बारीक छापील अक्षरं!

काकू वाकून म्हणाल्या, "माय वो! देवाच्या पाठीवर पोथी लिवली हाय? मंग वाच नं!"

मी कणगीमागचं पुस्तक आणलं. पान लावलं. कडेला कड बसली. मग मी पाटावर बसले. या वेळी आधी तांब्याभर पाणी प्याले! रहिमाचाची ओरडली, "बेटी, जोरसे!" कुडापलीकडं मशीन थांबली. मी वाचलं,

"राणीने मान वर केली आणि ती म्हणाली, महाराज, खरे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. ऐकणारे कोणी नव्हते."

तोच कुडामागून चांदचाचा ओरडले, "वन्समोअर!"

मी पुन्हा वाचलं. पाटलांकडे पाहून वाचलं. मायकडे पाहून वाचलं. माय पदरानं डोळे पुसत होती. मग खाली उरलेला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आरती झाली, गूळ वाटला.

गोदाकाकूंनी गूळ तोंडात टाकला, नाक पुसलं आणि कंबरेवर हात ठेवून सगळ्या पडवीवर नजर फिरवली.

"इतकं सोन्यासारखं पान," त्या कडाडल्या, "फाडलं तरी कोन्या मेल्यानं?"

आणि आम्ही सगळे, माय, पाटील, चाची, कुडामागचे चाचा आणि दारातले गरीब नारायणकाकासुद्धा, एका आवाजात ओरडलो,

"गोदाकाकू!"